शेक संपल्यावरचा कागद

आमच्या विभागात शेकाचा, म्हणजे रेडिएशनचा, शेवटचा दिवस असला की घरची माणसं पेढे आणतात. त्या दिवशी यंत्रमाग कारखान्यात काम करणारे एक गृहस्थ पुडा घेऊन आले, शिपायापासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना पेढे वाटून झाले, आणि त्यांची बायको मात्र बाकावरून उठेना. सोलापूरच्या पूर्व भागातली, चाळिशीतली, विड्या वळणारी बाई. स्तनाच्या कर्करोगामुळे डावं स्तन आणि काखेतल्या लसिकाग्रंथी, म्हणजे गाठी, काढलेल्या, केमो झालेली. मी शेजारी बसले तशी म्हणाली, “रोज येत होते तर कोणतरी बघत होतं की ओ सिस्टर. उद्यापास्नं मला कोण बघणार?”

बहुतेक जणी हे बोलून दाखवत नाहीत. घरी जाऊन रात्री जागत राहतात. हातात फाइल असते, पण ती इंग्रजीत, आणि पुढच्या डॉक्टरसाठी लिहिलेली. मी कोरा कागद घेतला, तिच्या लेकीलाही जवळ बोलावलं.

“अक्का, आधी सांगा, घरी गेल्यावर काय करणार?”

“काय करणार? विड्या. आता पोरगीच वळतीय, तिचं कॉलेज बुडतंय.”

मग मी तिला विडी कशी करते ते दाखवायला लावलं. मांडीवर सूप, डाव्या हातात तेंदूचं पान, उजव्या हातात कात्री, मान तासन्‌तास खाली. पान धरणारा हात डावाच, म्हणजे कात्री लागली तर त्याच हाताला लागणार. काखेतल्या या गाठी काढल्या की त्या बाजूच्या हातातला लसिका रस, म्हणजे अंगातलं पाणी, नीट वाहत नाही. साध्या जखमेतून जंतू शिरले तरी हात सुजू शकतो, आणि एकदा बसलेली सूज हटवणं फार चिवट काम. पण म्हणून हात गळ्यात बांधून ठेवायचा नसतो. आमच्या फिजिओथेरपिस्ट ताई आल्या आणि तिघींनी मिळून ठरवलं: सुरुवातीला थोड्याच विड्या, शंभर झाल्या की उठून भिंतीवर बोटं चढवत हात वर न्यायचा, मग हळूहळू आकडा वाढवायचा. बोट कापलं तर साबणानं धुवायचं, आणि हात लाल, गरम झाला किंवा ताप आला तर त्याच दिवशी यायचं. तव्यावरची भाकरी उजव्या हातानं उलटायची.

गोळीचं सोपं होतं, तरी तिथंच घोळ होतात. तिचा आजार हार्मोनला प्रतिसाद देणारा, म्हणजे त्याच्यावर वाढणारा, त्यामुळे ते रोखणारी टॅमॉक्सिफेनची गोळी रोज एक, निदान 5 वर्षं. काहींना 10 वर्षंही देतात. सोलापूरच्या उन्हाळ्यात या गोळीनं अंगातून वाफा निघाल्यासारखं झालं की बायका गोळी परस्पर बंद करतात. मी ठळक लिहिलं: त्रास झाला तर सांगा, गोळी सोडू नका. केमोनं पाळी थांबलेली असली तरी दिवस राहू शकतात, या गोळीवर ते चालत नाही, म्हणून तांबी. गर्भनिरोधक गोळ्या नकोत. हे लेकीला जरा बाजूला पाठवून सांगितलं.

नवऱ्याचा प्रश्न वेगळा होता. “दरवर्षी सगळ्या अंगाचं स्कॅन करू, कर्ज काढतो.” डॉक्टरांनी त्यांना बसवून समजावलं. काही त्रास नसताना दरवर्षी पेट स्कॅन केल्यानं आयुष्य वाढत नाही. तपासणी चुकवू नका. पहिली 3 वर्षं दर 3 ते 6 महिन्यांनी, पुढची 2 वर्षं 6 ते 12 महिन्यांनी, नंतर वर्षातून एकदा. शिवाय उरलेल्या स्तनाची वर्षाला एक मॅमोग्राफी, म्हणजे स्तनाचा एक्स-रे. आजार कमी वयात झाल्यामुळे लेकीच्या दृष्टीनं जनुकीय समुपदेशनही, म्हणजे आजार घराण्यातून आलाय का याबद्दलचा सल्ला, लिहिलं. कर्ज टळलं याचा त्या माणसाला आनंद व्हायच्या ऐवजी आपण कमी पडतोय असं वाटत होतं. त्यांच्या खांद्यावर डॉक्टरांनी हात ठेवला, तेव्हा कुठं ते पाणी प्यायले.

मला खरी काळजी होती ती पुढच्या ओळीची. आजार परत आला तर हाडात, फुप्फुसात, यकृतात, मेंदूत जाऊ शकतो. सतत राहणारी हाडदुखी, खोकला, दम, कावीळ, न थांबणारी डोकेदुखी ही त्याची लक्षणं. विडीवालीच्या घरात खोकला तंबाखूच्या धुळीचा आणि पाठदुखी बसण्याची, हे सगळ्यांनी धरूनच ठेवलेलं असतं. तिच्या सासूचंही तेच, जावेचंही तेच. “खोकला तर आमच्याकडं सगळ्यास्नी हाय की,” ती म्हणाली. म्हणूनच तिच्यासाठी स्पष्ट मुदत हवी होती: नवा खोकला किंवा एकाच जागची दुखणी दोन-तीन आठवड्यांवर टिकली, तर गल्लीतल्या औषधावर थांबायचं नाही. व्रणावर किंवा दुसऱ्या बाजूला गाठ लागली तर वाट बघायचीच नाही. टॅमॉक्सिफेन चालू असताना अंगावरून अवेळी रक्त गेलं तरी यायचं.

अक्का तेलुगू शाळेत शिकलेली, मराठी बोलते पण वाचत नाही. लेकीनं तिथंच बाकावर बसून सगळं तेलुगूत उतरवलं, अडलं तिथं मला विचारत. मराठी कागदाची मी आणखी एक प्रत काढली. ती त्यांच्या गल्लीतल्या डॉक्टरांसाठी: बीपी आणि सुई शक्यतो उजव्या हाताला, आणि खोकल्याची बाटली दुसऱ्यांदा लिहून देण्याआधी आमच्याकडे पाठवा. नवऱ्यानं ती घडी करून खिशात ठेवली आणि घरी जायच्या आधी दवाखान्यातच देतो म्हणाले.