काटा मध्ये येऊ दे

"घाई केलीस तर उलटी लाथ मारेल ती. आधी काटा बघ."

गोव्यातल्या वागातोरच्या लाल धुळीत एक काका पंचविशीतल्या पोराला बुलेट सुरू करायला शिकवत होते. जुनी गाडी. गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या. मी आयुष्यात पहिल्यांदाच मोटोव्हर्सला, म्हणजे रॉयल एनफिल्डच्या मेळाव्याला गेलेलो (जुन्या लोकांच्या तोंडी अजून रायडर मेनियाच). चहूकडे हजारो गाड्या, केरळपासून नागालँडपर्यंतच्या पाट्या, स्टेजवर ढणढणाट. आणि मी अर्धा तास उभा कुठे, तर या दोघांपाशी.

काकांनी पोराचा हात बाजूला केला. किक हळू, अगदी हळू दाबत नेली. हेडलाइटच्या वरचा तो इवलासा अँपिअरचा काटा थरथरत मध्यावर आला, म्हणजे पिस्टन वर पोचला. डाव्या हाताची, इंजिनातला दाब सोडणारी डिकॉम्प्रेशनची खिट्टी ओढून किक आणखी बोटभर खाली, खिट्टी सोडली, किक वर येऊ दिली. मग एकच लाथ.

डग... डग... डग.

पोरगं हसलं. मला मात्र कसंसंच झालं.

बाबांची बुलेट आम्ही भंगारात घातली. 'सुरूच होत नाही' म्हणून. पावसाळाभर मी तिला घाम फुटेस्तोवर लाथा घातल्या होत्या, नडगी काळीनिळी झाली होती. त्या काट्याकडे एकदाही बघितलं नव्हतं. बाबा ओट्यावर बसून पेपर वाचायचे, बोलायचे काहीच नाहीत.

रात्री फोन केला, सगळं सांगितलं. बराच वेळ गप्प होते.

मग म्हणाले, "त्यांच्या गाडीचा काटा अजून हलतो?"