मुंगी घाटातली दहा मिनिटं

यंदा शिखर शिंगणापूरच्या महादेवाला पाणी नेणाऱ्या कावडीबरोबर चालायचं, असं मामाला फाल्गुनातच सांगून ठेवलं होतं. तो एवढंच म्हणाला, "येतोस तर ये, पण खांदा मागू नकोस. आधी पाय टिकव." सासवडहून कऱ्हेचं पाणी घेऊन निघालो आणि दुसऱ्याच दिवशी टाचेला फोड आले. बाकी वाटेचं काय सांगू? ऊन, डांबर आणि गावोगावी ताक.

चैत्र शुद्ध द्वादशीला कोथळ्याच्या माळावर पोचलो. समोर शंभू महादेवाचा डोंगर. पायथा सोलापूर जिल्ह्यात, माथ्यावरचं शिखर शिंगणापूर साताऱ्याच्या माण तालुक्यात. सह्याद्रीपुढे डोंगर लहानच, पण मुंगी घाटाची ही बाजू नुसती अंगावर येते. धड पायऱ्या नाहीत, सगळे निसटते दगड. माळावरच्या एका घरापुढे आजी पिंपातलं पाणी तांब्यानं देत होत्या. मी दुसऱ्यांदा हात पुढे केला तर म्हणाल्या, "पी की! कावडीतलं देवाला, हे तुला." माणदेशात चैत्रातलं पाणी असं वाटायला काळीज लागतं. वरचा पुष्कर तलाव मालोजीराजे भोसल्यांनी का बांधला असेल, ते तिथं घोटाघोटाला कळतं.

आधी गावोगावच्या कावडी चढल्या. आमची, म्हणजे महादेवाचा भक्त तेल्या भुत्या याच्या नावाची मानाची कावड शेवटी. दोन्ही बाजूंना पाण्यानं भरलेले रांजण, तोंडं फडक्यानं आवळलेली. वरून दोर, खालून खांदे, मधे माणसांची साखळी. "म्हाद्या धाव!" असा देवालाच एकेरीत हुकूम. मामानं खुणावलं आणि मी दोराला लागलो. दहा मिनिटं, फार तर. एक दगड सुटला, पाय घसरला, तेवढ्यात खालच्या कुणीतरी माझी टाच पंजात धरली आणि दगडावर दाबून ठेवली. फोड आलेलीच टाच! ओरडलो, पण हर हर महादेवच्या गजरात ऐकतो कोण? कावड मात्र तसूभरही मागं आली नाही. मागं वळून बघितलं तर खाली नुसते गुलालानं माखलेले चेहरे. त्यातला तो कोणता, कळलंच नाही.

कऱ्हेचं पाणी महादेवाच्या पिंडीवर पडलं तेव्हा मी गर्दीत बाहेरच अडकलो होतो. रात्री मामानं माझे सोललेले तळहात बॅटरीच्या उजेडात उलटसुलट करून पाहिले.

"ओढत होतास होय रे? दोराला नुसतं लोंबायचं असतं. ओढणारे वर असतात."