बंड्याने दिलेलं खोकं

रविवार, रात्री

बंड्याने खोकं दिलं. मी हसून घेतलं, "कशाला रे एवढा खर्च" म्हणालो, चहा झाला, तो गेला. घडलं ते एवढंच. यात राग येण्यासारखं काय आहे ते मला अजून सापडलेलं नाही, पण राग आलाय हे नक्की. जेवताना हिने दोनदा विचारलं, काय बिनसलंय म्हणून. काही नाही म्हटलं. मित्राने भेट आणली म्हणून घास उतरत नाही, हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

खोक्यात सी हॉक आहे, नौदलाच्या जुन्या लढाऊ जेटचं बांधायचं प्लॅस्टिक किट. माझ्या टेबलावर कधीपासून पडलंय तेच विमान, तोच एकास बहात्तर स्केल, फक्त साचा नवा. बंड्या म्हणाला, "त्या म्हाताऱ्या किटच्या मागे कशाला लागलायस? यात रेघा आत कोरलेल्या आहेत, कॉकपिट तयार आहे, आपल्या नेव्हीची डिकल्ससुद्धा आहेत. दसऱ्याच्या आत होऊन जाईल बघ." (डिकल्स म्हणजे विमानावर लावायची छापील चिन्हं आणि नंबर.) खोकं ठेवायला जागा हवी म्हणून त्याने माझं विमान उचललं आणि खिडकीच्या कठड्यावर ठेवलं. नीट ठेवलं, पंखाला धक्का लागू दिला नाही, तेवढं त्याला कळतं. पण त्याच्याकडे बघितलं नाही. हातात असताना तो माझ्याशी पार्किंगबद्दल बोलत होता.

बघण्यासारखं होतं म्हणून म्हणतो. मूळ किटमध्ये कॉकपिट असं नव्हतंच. दोन भिंतींच्या मधे एक पट्टी आणि तिच्यावर चिकटवायचा बिनचेहऱ्याचा पायलट. साचा माझ्या जन्माआधीचा. त्या काळी पोरांना तेवढं पुरायचं. पायलटला काढून टाकलं. जुन्या एटीएम कार्डाची जमीन केली, दोन्ही बाजूंना कन्सोल बसवले, मग मार्टिन-बेकरची सीट बांधली, ती पुरी झाल्यावर करंगळीच्या एका पेरावर मावली. पट्टे औषधाच्या पाकिटाच्या चंदेरी कागदाचे. त्या सीटला डोक्याच्या वर एक हँडल असायचं. पायलटने ते खाली ओढलं की कापडी पडदा तोंडावर यायचा आणि सीट त्याच्यासकट बाहेर फेकली जायची. ते हँडल मी वायर सोलून तिच्यातल्या एका तारेचं केलं. त्याला पिवळा रंग, वर काळे पट्टे. पट्ट्यांसाठी ब्रशचे केस कापत कापत एकावर आणले होते. पाच पट्टे यायला हवे होते, तीनच मावले. पण आहेत. भिंग लावलं की दिसतात.

भिंग तिथेच होतं, टेबलावर. बंड्याने तेही उचलून बाजूला ठेवलं.

आणि पंख. जुन्या किटचे पंख म्हणजे नुसते रिव्हेट. फुगीर, एकेक अर्ध्या मिलिमीटरचा. बहात्तरने गुणलं तर खऱ्या विमानावर तो लिंबाएवढा भरतो. एवढी लिंबं पत्र्यावर घेऊन कुठलं जेट उडणार? ते सगळे घासून काढले. वॉटर पेपर चारशेचा, मग सहाशेचा, मग बाराशेचा, नळाखाली बसून. त्याबरोबर पॅनेलच्या रेघाही गेल्या, त्याही फुगीरच होत्या. मग ड्रॉइंग समोर ठेवून सुईने नव्या कोरल्या. मोरीत बसून विमान घासणारा नवरा बघून ही काय म्हणाली ते लिहीत नाही.

सी हॉकची सगळ्यात देखणी गोष्ट मला त्याचा धूर सोडायचा मार्ग वाटतो. इंजिन एकच, रोल्स-रॉइसचं नेने. पण झोत शेपटीतून सरळ मागे काढलेला नाही. त्याला आतच दोन फाटे फोडून पंखांच्या मुळाशी, डावी-उजवीकडून बाहेर सोडलंय. त्यामुळे मागचं धड मोकळं राहिलं, तिथे इंधनाच्या टाक्या बसल्या. किटमध्ये त्या जागी दोन उथळ खळगे होते. ते हातड्रिलने पोखरले, नागदेवीहून आणलेल्या बारीक कानशीने गोल केले. पोटाखाली पुढच्या बाजूला वीस मिलिमीटरच्या चार तोफा, त्यांच्या तोंडाला इन्सुलिनच्या सुयांचे तुकडे लावले. सुया काय, घरात असतातच. नाकात शिसं भरलं, गळाला लावतात ते, नाही तर विमान शेपटीवर बसतं. कॅनपी, म्हणजे कॉकपिटवरचं पारदर्शक झाकण, पिवळी पडली होती. ब्रासोने घासून ओरखडे गेले, पिवळेपणा हटला नाही. शेवटी मिठाईच्या डब्याचं झाकण मेणबत्तीवर मऊ करून लाकडी ठोकळ्यावर ओढलं. चौथं का पाचवं झाकण बरं आलं. तेवढी मिठाई कोणी खाल्ली ते डॉक्टरांना सांगितलेलं नाही.

आता हे सगळं "तयार आहे" म्हणून खोक्यात मिळतं. ठीक आहे. मिळू दे की. मला त्याचा राग नाही. बंड्याने कीव केली का, एवढंच मला समजून घ्यायचंय. निवृत्त माणूस, भिंग लावून बसलाय, हात थरथरतो, जुन्या प्लॅस्टिकशी झगडतोय, द्या बिचाऱ्याला एक बरं किट. असं काही असेल तर ते खोकं मी उद्याच परत नेऊन देणार. धाकटा पण व्हिडिओ कॉलवर विचारतो, "बाबा, अजून तेच विमान?" त्याच्या विचारण्यात वाईट काही नसतं. पण "अजून" ऐकलं की कानाला लागतं. कन्नमवार नगरातल्या आमच्या बिल्डिंगचाही हल्ली असाच "अजून" झालाय. मीटिंगमध्ये बिल्डरचा माणूस स्लाइड दाखवत होता तेव्हा मी... जाऊ दे, तो वेगळा विषय.

बारा वाजत आलेत, झोप नाही, म्हणून लिहितोय.

ते किट नानांच्या ट्रंकेत कसं आलं, हेही आज नको. पण एक आठवतंय. नाना १९७१ बद्दल फारसं बोलायचे नाहीत, आणि बोलले तर बॉयलरबद्दल. ते ज्या विमानवाहू बोटीवर होते त्या विक्रांतच्या चार बॉयलरांपैकी एकाला तडा गेलेला. त्यामुळे बोटीचा वेग कमी, आणि बोटीचा वेग कमी म्हणजे डेकवरून सुटणाऱ्या विमानाला समोरून मिळणारा वारा कमी. कॅटापुल्टने ढकललं तरी वारा लागतोच. तरी बोट बंगालच्या उपसागरात गेली आणि ४ डिसेंबरपासून सी हॉकनी कॉक्स बझार, चितगाव ठोकायला सुरुवात केली. नाना हे सांगताना विमानाचं नाव घ्यायचे नाहीत, पायलटचंही नाही. त्यांचा सगळा जीव त्या तीन बॉयलरांत. आहे त्यावर भागवलं, म्हणायचे.

संध्याकाळी हे बंड्याला ऐकवायचं फार मनात आलं होतं. बरं झालं नाही ऐकवलं. तो म्हणाला असता, अरे, त्यांना बॉयलर बदलायला वेळ नव्हता, तुला आहे.

आणि बंड्याला बोट कळत नाही असंही म्हणता येत नाही. १९९७ ला विक्रांत निवृत्त झाली, मग इथेच मुंबईत म्युझियम म्हणून उभी होती तेव्हा आम्ही दोघं गेलो होतो, पोरं कडेवर होती. २०१४ मध्ये तिला दारूखान्याला तोडायला नेली तेव्हा तो मला न सांगता एकटाच बघायला गेला, आणि चार दिवस कोणाचा फोन घेत नव्हता. २०१६ मध्ये तिच्या धातूचा अंश घालून बजाजची व्ही ही मोटरसायकल निघाली तेव्हा त्याने ती घेतलीच. गुडघ्याने किक मारवत नव्हती, तरी. पहिल्या दिवशी माझ्याकडे आणली, माझा हात धरून टाकीवर ठेवला आणि म्हणाला, "नानांची बोट." असा माणूस. त्याच्यावर मी आज रुसून बसलोय.

तरी त्याने बघायला हवं होतं. दोन मिनिटं लागली असती.

सोमवार

झोप लागेना म्हणून शेवटी खोकं उघडलं. उघडणार नव्हतो. आत माल चांगला आहे, हे लिहायला हात जड होतोय. रेघा केसासारख्या बारीक, सीटला पट्टे मुळातच, धुराच्या वाटा खोल. माझी सीट त्यांच्या सीटशेजारी ठेवली. त्यांची सरळ आहे.

मग व्हर्नियर काढला. रात्री दीडला माणूस व्हर्नियर काढतो तो शहाणपणाने काढत नाही. पंखांची लांबी साडेसोळा सेंटिमीटर, बरोबर. धडाची लांबी, बरोबर. चाकं थोडी जाड वाटली, पण ते मलाही पटलं नाही. डिकल्स उघडली. ३०० स्क्वाड्रनचा पांढरा वाघ, काय छापलाय! केशरी-पांढरी-हिरवी चक्रं, एकात एक नीट बसलेली, रंग कुठेही सरकलेला नाही. माझ्या पाकिटातली ब्रिटिश डिकल्स कधीच पिवळी होऊन तडकली, त्यामुळे हे बघून आधी पोटात दुखलं आणि लगेच वाटलं, थांब, नंबर कुठला दिलाय?

आपल्याकडे सगळे सी हॉक एकाच घरचे नव्हते. बरेच ब्रिटनहून आले, आणि नंतर पश्चिम जर्मनीने वापरलेली २८ घेतली. जर्मनांनी स्वतःसाठी बनवून घेतलेल्या विमानांचं उभं शेपूट ब्रिटिशांपेक्षा उंच होतं. डिकलवरचा नंबर घेतला आणि माझी फोटोंची फाइल काढली. सापडला. उंच शेपूट! आणि खोक्यातलं प्लॅस्टिक बुटक्या शेपटीचं!

मला जो आनंद झाला तो चारचौघांत सांगण्यासारखा नाही. पलंगावरून हिचा आवाज आला, "हसताय कशाला एकटेच?" शेपूट चुकलंय म्हणालो. "कोणाचं?" म्हणाली आणि कूस बदलून झोपली.

आनंद दहा मिनिटं टिकला. कारण मग लक्षात आलं की ही डिकल्स मला माझ्या विमानावर हवी आहेत. आता इतका चांगला वाघ मिळाल्यावर तडकलेल्या ब्रिटिश चक्रांवर हाताने रंग भरत कोण बसणार? आणि तो नंबर लावायचा तर माझंही शेपूट उंच करायला लागणार, कारण माझंही बुटकंच आहे. म्हणजे पुन्हा करवत, पुन्हा प्लॅस्टिकचा तुकडा, एमसील, वॉटर पेपर, मोरी. रडरची रेघ परत कोरायची. बंड्याने माझं काम वाचवायला खोकं आणलं आणि काम वाढवून ठेवलं. हे त्याला कळलं तर तो लोळून हसेल, आणि कळणारच, मीच सांगणार.

कीव-बीव काही नसावी, असं आत्ता तरी वाटतंय. त्याच्या माळ्यावर शंभर तरी खोकी असतील, वहिनी म्हणतात त्यांच्या लग्नाआधीचीही आहेत, आणि त्यातलं एकही त्याने बांधलेलं मी पाहिलेलं नाही. तो खोकी आणतो, सेलोफेन काढतो, वास घेतो, परत लावून ठेवतो. त्याच्याकडचं एक खोकं माझ्याकडे आलं म्हणजे त्याने ते माळ्यावरून उतरवलं, स्टूलवर चढून, त्या गुडघ्याने. बघण्याचं म्हणाल तर त्याला बांधलेलं विमान बघताच येत नाही बहुधा. त्याला फक्त बांधायचं राहिलेलं दिसतं. आणि चष्मा तो घरी विसरून येतो, नेहमीच.

तरीही. पुढच्या वेळी भिंग त्याच्या हातात देणार आणि बघ म्हणून सांगणार. बघेपर्यंत चहा नाही.

सकाळी त्याचा मेसेज आला होता: "सुरू केलंस?" मी "हो" पाठवलं. शेपूट कापून ठेवलंय, म्हणजे सुरूच आहे. कुठल्या विमानाचं ते त्याने विचारलेलं नाही.

किती वाढवायचं ते फोटोवरून काढावं लागेल; फोटो तिरका आहे, त्यामुळे रडरच्या बिजागऱ्यांमधलं अंतर धरून हिशोब करायचा. घाई कसलीच नाही. डिकल्सच्या आधी चकचकीत लॅकरचा हात द्यावा लागतो, आणि या हवेत लॅकर मारलं की पांढुरकं पडतं. पाऊस जाईपर्यंत तसंही काही करता येणार नाही. ऑक्टोबरचं ऊन पडलं की बघू. तोवर नवं खोकं कुठे ठेवायचं हा प्रश्न आहे. ही म्हणते माळ्यावर टाका. मी म्हटलं, ती सवय एकदा लागली की सुटत नाही.