आठ हजारांच्या आतली सायकल: पैसे नेमके कशाला मोजायचे

आठ हजारांच्या आत सायकल घ्यायची असेल, तर दुकानात जी सगळ्यात आधी नजरेत भरते ती सोडून द्या. दोन्हीकडे सस्पेन्शन, डिस्क ब्रेक, एकवीस गिअर हे सगळं या किमतीत बसवायचं म्हणजे प्रत्येक भाग हलक्या प्रतीचा लावावा लागतो. स्वस्त सस्पेन्शनचा पुढचा चिमटाच (पुढचं चाक धरणारा फोर्क) सव्वादोन-अडीच किलो भरतो. मागच्या सस्पेन्शनच्या सांध्यांतले बुश लवकर ढिले पडतात आणि पेडलवर दिलेला जोर स्प्रिंगमध्येच जिरतो. त्याच पैशांत साधा लोखंडी चिमटा, एकच गिअर आणि अ‍ॅल्युमिनियमच्या रिम मिळत असतील तर डोळे झाकून ती सायकल घ्या. रिमचा आग्रह आपल्या पावसामुळे आहे. ओल्या स्टीलच्या रिमवर रबरी ब्रेक फार कमी धरतो, आणि जुलैमध्ये कोल्हापुरात महाद्वार रोडच्या गर्दीत ते परवडणारं नाही.

शाहूपुरी, रंकाळा, कसबा बावडा एवढंच रोजचं फिरणं असेल तर गिअर लागत नाहीत. विद्यापीठाकडचा चढ जड जात असेल तर मागचं 18 दात्यांचं फ्रीव्हील (मागच्या चाकावरची दातेरी चकती) काढून 20 दात्यांचं लावून घ्या. पेडल साधारण दहा टक्के हलकं होतं, आणि चाक पाव इंच पुढे सरकवलं की तीच चेन पुरते. मात्र चेन जुनी असेल तर फ्रीव्हीलबरोबर तीही बदला, नाहीतर नव्या दात्यांवरून घसरते. पन्हाळा किंवा जोतिबाचा घाट नेहमी चढायचा असेल तरच गिअरवाली बघा. तीही पुढे एकच चेनव्हील (पेडलजवळची दातेरी चकती) आणि मागे सात गिअर अशी, म्हणजे बिघडायला कमी भाग.

जुनी सायकल घेताना रंगाकडे बघूच नका, आधी फ्रेम तपासा. हँडलच्या नळीजवळ, खालच्या तिरक्या नळीच्या पोटाला बोट फिरवा. तिथे फुगवटा किंवा रंगाला सुरकुती लागली तर सायकल समोरून धडकलेली आहे. कितीही स्वस्त असली तरी परत फिरा. मग एक दोरा घ्या. मागच्या एक्सलच्या एका खाचेपासून तो हँडलच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या खाचेपर्यंत ताणून धरा, आणि सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंचं अंतर मोजा. अंतर सारखं नसेल तर फ्रेम वाकलेली आहे.

नदीकाठच्या भागातली सायकल असेल तर सीट पोस्ट (सीटखालचा दांडा) बाहेर काढायला सांगा आणि सायकल उलटी करा. 2019 किंवा 2021 च्या पुरात ती बुडाली असेल तर नळीतून गाळ किंवा गंजाची पूड पडते. बाहेरून नवा रंग मारता येतो, आतून कुजलेली नळी दुरुस्त होत नाही. पोस्ट नळीत अडकून निघतच नसेल, तर तेही वाईट लक्षण.

मग चाकं. ती उचलून फिरवा आणि ब्रेकच्या रबराकडे बघा. दोन-तीन मिलिमीटरची आऊट, म्हणजे रिमचं डावी-उजवीकडे डोलणं, मिस्त्री स्पोक आवळून काढतो. पण रिम एका जागी चेपलेली असेल तर रिमच बदलावी लागते. क्रँक (पेडल आणि एक्सल जोडणारा भाग) हातात धरून आडवा हलवा. दोन्ही क्रँक एकत्र हलले तर पेडलच्या एक्सलचे कप किंवा छर्रे गेलेत, ते स्वस्तात होतं. एकटा डावा हलला तर जुन्या दांड्याच्या सायकलीत क्रँक एक्सलवर धरून ठेवणारी कॉटर पिन बदलून भागतं. चेन मोजायला साधी पट्टी पुरते: 24 कड्या बरोबर 12 इंच भरायला हव्यात. आठवा भाग इंच वाढली असेल तर चेन बदलायची, आणि बहुतेक वेळा तिच्याबरोबर फ्रीव्हीलही.

टायरवरचा आकार वाचून घ्या. 26 × 1⅜ आणि 26 × 1.95 दोन्हींवर 26 लिहिलेलं असलं तरी रिम वेगवेगळ्या असतात, एकाचं टायर दुसरीवर बसत नाही.

दुरुस्तीचा सगळा खर्च किमतीत मिळवा. बेरीज नव्या सायकलीच्या निम्म्याच्या वर गेली तर नवीच घ्या. सप्टेंबर 2025 पासून सायकलींवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला आहे, त्यामुळे मालक जुनं बिल दाखवून भाव सांगत असेल तर आजची किंमत आधी विचारून घ्या. बिल मात्र मागाच, आणि त्यावर फ्रेम नंबर असेल तर पेडलच्या एक्सलखाली ठोकलेल्या नंबराशी ताडून बघा. नंबर कानशीने घासलेला असेल तर ती सायकल घेऊ नका.

नवी घेतली तरी पहिल्या शंभर किलोमीटरनंतर दुकानात नेऊन स्पोक आणि क्रँक आवळून घ्या. नवे स्पोक जागेवर बसताना ढिले पडतात. क्रँक तसाच ढिला चालवला तर त्याचं चौकोनी भोक झिजतं, आणि मग कितीही आवळला तरी तो बसत नाही, बदलावाच लागतो.