आखाजीचा मांडा, १२६ फ्रेम: ४० सेकंदांच्या अॅनिमेशनची नोंद

आखाजीला, म्हणजे खानदेशातल्या अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेली लेक, लिंबाला बांधलेला झोका आणि चुलीवरच्या खापरावर (उपड्या, घुमटासारख्या मातीच्या भांड्यावर) पडणारा मांडा, म्हणजे हातावर झुलवून पसरलेली मोठी पुरणपोळी, एवढ्यावर हा विद्यार्थी-प्रकल्प उभा आहे. क्रिता या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये हाताने काढलेलं टू-डी, १९२० बाय १०८०, सेकंदाला २४ फ्रेम. ४० सेकंद म्हणजे ९६० फ्रेम. एक चित्र दोन फ्रेम धरलं तर ४८० चित्रं. ११ शॉटपैकी ७ रंगासह पूर्ण झाले आहेत. नोंदीतली बरीचशी जागा शॉट ६ ला दिली आहे, कारण पुरण भरलेल्या गोळ्याचा मांडा होतो तो इथे आणि सगळ्यात जास्त चित्रं टाकून दिली तीही इथेच.

चालण्याची सायकल (पावलांची तीच चित्रं फिरवत राहणं) शिकल्यावर पुन्हा पुन्हा होणारी प्रत्येक हालचाल तशीच लूप करायची सवय लागते. मांड्याला ते चालत नाही. रुमाल झुलवला तर तो तेवढाच राहतो. मांडा या हातावरून त्या हातावर जाताना दर हेलकाव्याला ताणला जातो, आणि एकदा ताणलेला पुन्हा आखडत नाही. लूप लावला की पीठ रबरासारखं दिसतं, आणि आयुष्यभर मांडे केलेल्या बाईला ते पहिल्या नजरेत कळतं.

म्हणून आधी फक्त टोकांची १० चित्रं काढली. गोळ्याचा व्यास ९० पिक्सेल, तयार मांड्याचा ४२०, मध्ये ९ हेलकावे. दर वेळी साधारण १९ टक्के वाढ धरली की रुंदी अशी येते: ९०, १०७, १२७, १५०, १७८, २१२, २५१, २९८, ३५४, ४२०. आकार मोठा होईल तशी गती मंदावली पाहिजे, म्हणून हेलकाव्यांना अनुक्रमे १०, १०, १२, १२, १४, १६, १६, १८, १८ फ्रेम दिल्या. बेरीज १२६, म्हणजे सव्वापाच सेकंद आणि ६३ चित्रं. सगळ्यांना सारख्या १४ फ्रेम दिलेली आवृत्तीही करून पाहिली होती. बेरीज तीच येते, पण त्यात मांड्याला वजनच राहत नाही.

जाडीचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. ९० पिक्सेलच्या गोळ्यातलं सगळं पीठ आणि पुरण ४२० पिक्सेलच्या चकतीत पसरलं, तर जाडी जेमतेम ३ पिक्सेल उरते. बाह्यरेषाच ४ पिक्सेलची आहे! म्हणजे पातळपणा रेषेने दाखवताच येत नाही. तो उजेडाने दाखवला: शेवटच्या तीन हेलकाव्यांत मांड्याच्या थराची अपारदर्शकता १०० वरून ८५ टक्क्यांवर आणली आणि मागच्या चुलीचा तांबूस उजेड त्यातून किंचित झिरपू दिला. काठ मात्र मुद्दाम ६ पिक्सेलचा ठेवला, कारण लोंबणारा काठ जाड असला की वजन दिसतं.

हात वर निघाला तरी काठ अजून दोन-तीन फ्रेम खालीच जात राहतो. हा उशीर विसरला की मांडा पुठ्ठ्याचा होतो. ओनियन स्किन, म्हणजे काढताना खाली फिकट दिसणारी शेजारची चित्रं, मागची २ आणि पुढचं १ एवढीच ठेवावी. जास्त ठेवली तर वाढत्या आकाराच्या रेषांचा गुंता होऊन आतली रेषा कुठली तेच कळत नाही. बांगड्यांचा थर वेगळा आहे आणि तो दर फ्रेमला नव्याने काढला आहे: मनगट थांबल्यावर बांगड्या एक फ्रेम पुढे सरकतात, एकमेकींवर आपटतात, मग अर्ध्या अंतराने मागे येतात.

चुलीत पऱ्हाट्या (कपाशीच्या वाळलेल्या काड्या) आहेत, त्यामुळे जाळ उंच आणि चपळ. ज्वाळेची ५ चित्रं पुरली, पण ओळीने फिरवली तर डोळ्याला लगेच ठेका सापडतो. क्रम १-४-२-५-३-१-५-२ असा मोडून घेतला.

झोक्याबद्दल थोडक्यात. फांदीपासून ३.५ मीटर दोराचा झोका जाऊन परत यायला साधारण पावणेचार सेकंद घेतो, म्हणजे ९० फ्रेम. बहुतेक जण ४८ फ्रेममध्ये उरकतात आणि झोका खेळण्यातला वाटतो. टोकाला चित्रं दाटीने, मध्ये विरळ, आणि पदर ४ फ्रेम मागे.

ओठांच्या हालचालीला अहिराणीने, खानदेशच्या बोलीने, वेगळं काम दिलं. वाक्य आहे: "गरम शे, पोयी खाई ले." कुठल्या फ्रेमला कुठला उच्चार याच्या तक्त्यात सवयीने 'पोळी' लिहिलं गेलं आणि तोंड ळ साठी मध्येच अडखळलं. 'पोयी' म्हणताना ओठ गोलावरून थेट रुंद होतात, मधलं चित्र लागतच नाही. 'गरम' मधला म आणि 'पोयी'चा प, दोन्हींना बंद ओठ किमान २ फ्रेम हवेत आणि ते आवाजाच्या १ फ्रेम आधी मिटले पाहिजेत. उशिरा मिटले तर डबिंग केल्यासारखं दिसतं. आवाज मोबाइलवरच घेतला, पण पहाटे, कूलर बंद करून, खाली गोधडी अंथरून. वाक्यानंतर खोलीची नुसती शांतता १० सेकंद रेकॉर्ड करून ठेवावी. कापलेल्या जागा भरायला तीच लागते.

दर शॉटची फाइल वेगळी आहे. पूर्ण भरलेली एक फ्रेम मेमरीत साधारण ८ एमबी घेते. ९६० फ्रेम एकाच फाइलीत चालवायला गेलं तर ८ जीबीचा लॅपटॉप तिथेच बसतो. त्यात वैशाखातला जळगावचा उन्हाळा. तापलेला प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो, म्हणून रेंडर, म्हणजे अंतिम फ्रेम काढून घेणं, रात्री. थेट व्हिडिओ न काढता पीएनजी मालिका (दर फ्रेमची वेगळी चित्रफाइल) काढली: वीज गेली तर थेट व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून काढावा लागतो, मालिका मात्र फ्रेम ०३४७ वर थांबली असेल तर ०३४८ पासून पुढे चालते. जोडणी आणि आवाज ब्लेंडरच्या व्हिडिओ एडिटरमध्ये.

सध्या अडलंय शॉट ७ वर. मांडा खापरावर पडताना आधी तो खापराच्या घुमटाच्या माथ्यावर टेकतो, मग ५ फ्रेममध्ये काठ खाली बसतो. एवढं जमलं आहे. पण पुरण आत असल्यामुळे फुगवटे सगळीकडे सारखे येत नाहीत, पुरण कमी असलेल्या जागी आधी येतात. आत्ताच्या चित्रांत सगळे एकदम उठतात आणि खापरावर पापड भाजल्यासारखा दिसतो. पुढचा प्रयत्न: ७ फुगवटे, प्रत्येक वेगळ्या थरावर, ३ ते ८ फ्रेमच्या अंतराने, आणि तांबूस डाग फुगवटा बसल्यानंतरच.