दगड सांगतो तेवढंच

अलिबागकडच्या एका खाडीकाठच्या गावातून सरपंचांचा फोन आला, तेव्हा मी रोह्याच्या बाजूला एका वीरगळाची, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या स्मारकदगडाची, मापं घेत होते. "ताई, आमच्या देवाखाली भलतंच निघालंय. पोरं ऐकायला तयार नाहीत. संध्याकाळच्या आत या," एवढंच बोलून त्यांनी फोन ठेवला. पाठोपाठ व्हॉट्सअ‍ॅपवर एक फोटो आला. तो बघितला, टेप गुंडाळली आणि निघाले.

देवळाकडे जाणारी पाखाडी, म्हणजे दगडी पायवाट, रुंद करायचं काम चालू होतं. कडेला कमरेएवढा एक काळा दगड, शेंदराने माखलेला. वर सूर्य, चंद्रकोर आणि मधोमध कलश. गाव त्याला चांदसूर्याचा देव म्हणायचं. लग्न झालं की नवरानवरी इथे नारळ ठेवल्याशिवाय घरात शिरत नसत. जेसीबीने तो दगड बाजूला सरकवायला मातीसकट उचलला, तर जमिनीच्या वर होता जवळपास तेवढाच भाग खालीही होता. आणि त्या खालच्या भागावर एक बाई कोरलेली होती, आणि तिच्यावर चढलेलं गाढव.

मी पोचले तेव्हा दगड आडवा पडला होता, वर गोणपाट टाकलेलं. आळीतल्या बायका लांबूनच बघत होत्या. पोरांचं म्हणणं, भरती आली की होडीत घालायचा आणि खाडीत सोडून द्यायचा. दोघंतिघं म्हातारे म्हणत होते, फोडून टाका, असली घाण गावात नको. गुरवकाका दगडाला पाठ लावून बसले होते. सकाळपासून पाण्याचा घोटही घेतला नव्हता त्यांनी, आणि उठायलाही तयार नव्हते.

तो गद्धेगळ होता. या दगडांची मांडणी बहुतेक ठरलेली असते. वर सूर्य-चंद्र, म्हणजे जोवर आकाशात हे दोघं आहेत तोवर हे दान चालू राहो. मधल्या पट्टीत लेख, म्हणजे कोणी, कोणाला, काय दिलं. आणि सगळ्यात खाली हे शिल्प. ते शापाचं चित्र आहे. जो कोणी हे दान मोडेल त्याच्या आईवर गाढव चढेल, असा त्याचा अर्थ. कोकणात शिलाहार राजांच्या काळापासून हे दगड उभे राहिले, पुढे यादवांच्या काळातही राहिले, गोव्यातही सापडतात. आणि जिथे सापडतात तिथे हेच होतं. कोणी देव म्हणून शेंदूर लावतं, कोणी अश्लील म्हणून फोडतं, कोणी पायरीला पालथा घालतं. गुप्तधनाची खूण समजून लोकांनी दगडाखाली खड्डेही खणलेत. असे तुकडे मी पाहिलेत. तुकडा हातात घेतला की कळतं, इथे मधली पट्टी होती, ओळी होत्या, आणि त्या आता कायमच्या गेल्या.

गुरवकाकांना विचारूनच मी गोणपाट काढलं. शेंदूर कोरड्या हाताने खरवडायचा नसतो, दगडाचा पापुद्रा त्याच्याबरोबर निघून येतो. त्यामुळे वरच्या भागाला हातच लावला नाही. खालची माती पाण्याने भिजवली, मऊ ब्रशने हळूहळू काढली. मग बॅटरी दगडाला जवळजवळ टेकवून तिरपा उजेड टाकला. सरळ उन्हात सपाट दिसणारी रेघ अशा उजेडात उठून दिसते. बाईचे केस एका बाजूला सुटलेले, एक हात जमिनीला टेकलेला. हातात बांगडी. गाढवाचे कान मात्र कारागिराने अगदी मन लावून काढलेले, आतली खाचसुद्धा. मधली पट्टी मी इंच इंच बघितली, आडव्या उजेडात आणि उभ्या उजेडात. अक्षर नव्हतं. छिन्नीची खूणही नव्हती. असे लेख नसलेले गद्धेगळ बरेच आहेत, तरी मन खट्टू झालंच.

तेवढ्यात गावातल्या एका निवृत्त गुरुजींनी मला बाजूला घेतलं. माणूस भला, दगड वाचावा अशी मनापासून इच्छा. म्हणाले, "मॅडम, गाढव म्हणजे शीतळादेवीचं वाहन. ही शीतळादेवीच आहे असं सांगा. पोरं गप्प बसतील, बायका ओटी भरतील, दगड सुरक्षित."

मला मान्य करायला हवं की तोडगा बिनतोड होता. शीतळेचं वाहन गाढव हे खरंच आहे, गावात कोणालाही पटलं असतं. दगड त्याच संध्याकाळी चौथऱ्यावर चढला असता आणि शंभर वर्षं त्याला कोणी हात लावला नसता. पण मी नाही म्हटलं. या दगडाने काहीशे वर्षं तग धरली आहे ती एकच गोष्ट सांगण्यासाठी. ती कितीही ओंगळ असली, तरी तीच त्याची आहे. तिच्या जागी माझी सोयीची गोष्ट चिकटवायची, तर दगड फोडणाऱ्यात आणि माझ्यात फरक काय राहिला? मी गुरुजींना म्हटलं, "गावाला देवळात बोलवा. बायकांनाही. मी सगळं सांगते, खरं तेच सांगते. मग गावाने काय ते ठरवावं."

"बायकांसमोर?" सरपंचांनी विचारलं.

"मीही बाईच आहे," मी म्हटलं.

दिवेलागणीला सभामंडप भरला. पुरुष पुढे, बायका मागच्या खांबांपाशी, लहान मुलांना घरी पाठवलेलं. मी उभी राहिले आणि आधी चित्रच सांगितलं, सरळ शब्दांत, कारण सगळ्यांच्या मोबाइलवर ते आधीच येऊन गेलं होतं. झाकून ठेवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. मग म्हटलं, हा देव नाही आणि ही घाणही नाही. हा जमिनीचा कागद आहे, तुमच्या सातबाऱ्यासारखा, फक्त दगडावरचा आणि सगळ्यांना दिसेल असा उभा केलेला.

इथून लोक ऐकू लागले. कोकणात जमिनीचं बोलणं निघालं की कोणी उठून जात नाही.

मी त्यांना जवळच्याच आक्षीचं उदाहरण दिलं. अलिबाग ओलांडून गेलेल्या प्रत्येकाने तो रस्ता पाहिलेला. तिथला शिलालेखही गद्धेगळच आहे, वर सूर्य-चंद्र आणि खाली हेच शिल्प. त्यावरचं वर्ष शक ९३४, म्हणजे इ. स. १०१२, असं वाचलं गेलंय आणि त्या वाचनानुसार तो मराठीतला सर्वांत जुना ज्ञात शिलालेख ठरतो. शिलाहार राजा केसिदेवरायाच्या काळातला तो लेख देवीसाठी नेमून दिलेल्या धान्याबद्दल आहे. ज्या दगडाला आपण शिसारीने बघतो, त्याच प्रकारच्या दगडावर आपल्या भाषेच्या जुन्यात जुन्या पुराव्यांपैकी एक कोरलेला आहे, हे ऐकल्यावर मघाशी होडीची भाषा करणारा एक पोरगा म्हणाला, "आक्षीचा? आम्ही तिथूनच तर जातो समुद्रावर!"

मग परळच्या लेखाचं सांगितलं, मला स्वतःला तो फार आवडतो. शक ११०८चा, शिलाहार अपरादित्याचा, आता मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात असलेला. त्यात दानाचा मजकूर संस्कृतात आहे आणि शाप मात्र मराठीत. दान कोणाला दिलं ते पंडिताला कळलं तरी पुरे होतं. धमकी मात्र नांगर धरणाऱ्यालाही कळायला हवी होती. दान नोंदवणाऱ्या ताम्रपटांवर शेवटी बऱ्याचदा एक श्लोक असतो, दिलेली जमीन हिरावून घेणारा साठ हजार वर्षं विष्ठेतला किडा होतो. तो श्लोक वाचायला अक्षरओळख हवी, संस्कृत हवं. गाढव बघायला काहीच लागत नाही.

काही अभ्यासक या शिल्पाचा दुसराही अर्थ लावतात, तोही सांगितला. बाई म्हणजे भूमी, आणि दान मोडणाऱ्याची भूमी नासेल, नापीक होईल असा शाप. पुण्यावर गाढवाचा नांगर फिरवला आणि मग जिजाऊंनी तिथे सोन्याचा नांगर चालवला, ही गोष्ट सभामंडपातल्या प्रत्येकाला पाठ होती. त्यामुळे गाढव आणि ओसाड जमीन यांचं नातं मला वेगळं समजवावं लागलं नाही.

तेव्हा मागच्या खांबापासून एक आजी उठल्या. नऊवारी, कपाळाला ठसठशीत कुंकू, आवाज खणखणीत. "बाय, मला एक सांग. जमीन लुबाडलीन मुलग्याने. मग त्यात आईनं काय केलंन?"

मंडप गप्प झाला. मी म्हटलं, "काही नाही केलं, आजी. तिचा काहीही दोष नाही. पुरुषाला धाक घालायचा तर त्याच्या आईची विटंबना दाखवायची, असा त्या काळचा हिशोब होता."

"त्या काळचा कशाला? नाक्यावर रोज ऐकते मी," आजी म्हणाल्या आणि पुरुषांच्या ओळींवरून एकदा नजर फिरवून खाली बसल्या. पुढच्या ओळीतल्या कोणीच मान वर केली नाही. त्या दगडाबद्दल मी जे काही वाचलंय, त्यात याहून नेमकं वाक्य मला आठवत नाही. मला ते बोलायचं होतंच, पण मी बोलले असते तर ते भाषण झालं असतं.

वातावरण सैल झालंय असं वाटेस्तोवर दुसरीच ठिणगी पडली. देवस्थानच्या एका जमिनीवरून गावात जुना वाद आहे, हे मला तोवर माहीत नव्हतं. एक गृहस्थ उठून म्हणाले, "म्हणजे देवाच्या जमिनीत शिरणाऱ्याला हा शाप आहे, बरोबर ना ताई? मग हा दगड त्याच जमिनीचा. तुम्ही तसं लिहून द्या." समोरून दुसरे उठले. दोन्ही बाजूंनी आवाज चढले. सगळा मंडप माझ्याकडे बघत होता, आणि मला लख्ख दिसत होतं की मी हो म्हटलं तर निम्मं गाव हा दगड डोक्यावर घेईल.

मी ते लिहून देऊ शकत नव्हते. मधल्या पट्टीत अक्षर नाही, हे मी बॅटरी लावून सगळ्यांच्या देखत पाहिलं होतं. कुठलं तरी दान होतं आणि ते मोडू नये अशी कोणाची तरी तळमळ होती, इथपर्यंत दगड सांगतो. कुठली जमीन, कुणी दिली, कुणाला दिली, कोणत्या साली, हे तो सांगत नाही. शिवाय दगड मूळ कुठे उभा होता आणि पाखाडीच्या कडेला कधी आला, तेही त्याच्यावर लिहिलेलं नाही. मी हे दोन्ही बाजूंना सारख्याच आवाजात सांगितलं. जे गृहस्थ आधी उठले होते ते नाराज होऊन निघून गेले. शीतळादेवी म्हणायला मी दुपारी नकार दिला होता. संध्याकाळी हो म्हणाले असते तर सकाळपासूनचं सगळंच खोटं ठरलं असतं. लोकांना इतिहास सांगायचा म्हणजे त्यांना हवा तो पुरावा हातात द्यायचा, असं ज्यांना वाटतं त्यांच्याशी माझं कधीच जमणार नाही.

मग गुरवकाका बोलले. त्या अख्ख्या दिवसात पहिल्यांदाच. "पण ताई, हा देव नाही म्हणता. मग माझ्या आज्याने, बापाने, मी दिवा लावला तो कुणाला?"

याचं उत्तर पुरातत्त्वात नाही. तरी मी म्हटलं, "काका, दगड कशासाठी उभारला ते मी सांगू शकते. तुमचा दिवा कुणाला पोचला हे सांगणारी मी कोण? पण तुमच्या घराने दिवा लावला म्हणून हा दगड आज शाबूत आहे. ज्या गावांत दिवा नव्हता तिथले दगड मी तुकड्यांत पाहिलेत." ते काही वेळ बघत राहिले. मग त्यांनी पाणी मागितलं.

रात्री उशिरा ठरलं ते असं. दगड खाडीत जाणार नाही आणि फुटणारही नाही. देवळाच्या आवारात, पूर्वेला, छपराखाली तो पूर्ण उभा करायचा, खालचं शिल्प जमिनीत न पुरता. तळाला सिमेंट लावायचं नाही, हे मी तीनतीनदा बजावलं. पाखाडी दोन हात वळवून घ्यायची. शंभर वर्षांहून जुनं शिल्प १९७२च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं, तेव्हा सरकारी पुरातत्त्व खात्याला फोटोंसह कळवायचं. सरपंचांनी अर्ज तिथल्या तिथे माझ्याकडून लिहून घेतला. पोरांपैकी तिघांनी जुन्या विहिरीजवळ "असाच अजून एक धोंडा" असल्याचं सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच ते मला तिकडे घेऊन गेले. तो वीरगळ निघाला, पण ती गोष्ट वेगळी.

खरी वादावादी झाली ती फलकावरून. मी मजकूर लिहून दिला होता : गद्धेगळ म्हणजे काय, सूर्य-चंद्र कशासाठी, या दगडावर लेख नाही, आणि शेवटी शापाचा अर्थ. गुरुजींचं म्हणणं, शाळेची मुलं येतात, शेवटचं वाक्य गाळा. ग्रामपंचायतीच्या बैठकीत दोनतीन सदस्यांनीही मान डोलावली. तेव्हा बचत गटाच्या बायका उठल्या, त्यात त्या आजींची सूनही होती. ते वाक्य राहणारच, आणि त्याच्याखाली आणखी एक घालायचं, असं त्यांनी ठरावात लिहून घेतलं. ते दुसरं वाक्य त्यांचं आहे, मी त्यात एक अक्षर बदललेलं नाही : "या शापातील आईने कोणताही गुन्हा केलेला नाही."