आमची वाटचाल : आधी वजनकाटा, मग शॉक

आमचं काम स्नोमोबाइलच्या, म्हणजे पुढे दोन स्की आणि मागे फिरणारा पट्टा असलेल्या बर्फातल्या गाडीच्या, शॉक अ‍ॅब्सॉर्बरचं. आमच्या गॅरेजमध्ये आत आलं की उजव्या हाताला एक वजनकाटा ठेवलेला आहे, साधा, उभं राहून वजन बघायचा. नवीन गिऱ्हाईक आलं की आधी त्याला त्याच्यावर उभं करतो, आणि तेही बूट, हेल्मेट, पाठीवरची बॅग, बॅगेत फावडं, प्रोब (बर्फाखाली अडकलेला माणूस शोधायची लांब काठी), पाणी, जे काही घेऊन तो डोंगरात जातो त्या सगळ्यासकट. काही जणांना आवडत नाही, मी शॉक घ्यायला आलोय आणि हे काय मधेच. पण आमचं सगळं काम त्या काट्यापासून सुरू होतं आणि तो तिथं कसा आला हेच मला लिहायचंय, कारण आम्हाला सगळ्यात जास्त त्यानंच शिकवलं.

सुरुवात आम्ही दोघा भावांनी केली. मी आधी मोटरसायकलच्या शॉकचं काम करायचो, सील बदल, ऑइल बदल, गॅस भर, एवढंच. धाकट्याला बर्फात गाडी चालवायचं वेड. एका सीझनला त्यानं स्वतःच्या स्नोमोबाइलचा मागचा शॉक काढून माझ्या बेंचवर ठेवला आणि म्हणाला दादा हा उघड. उघडला तर आतलं ऑइल काळं पडून फेसाळलेलं, दुधाळ चहासारखं, आणि सीलच्या कडेला गंज. गाडी फार जुनी पण नव्हती, फक्त तो शॉक कंपनीतून आल्यापासून कोणी उघडलाच नव्हता. इंजिनाचं, बेल्टचं, क्लचचं सगळे करतात, शॉक मात्र फुटून ऑइल गळेपर्यंत कोणाच्या डोक्यातच येत नाही. तिथं आम्हाला वाटलं की हे काम कोणीतरी करायला पाहिजे. शेड, एक व्हाइस, नायट्रोजनचा सिलिंडर आणि मोजकी हत्यारं, इतक्यावर पहिला सीझन काढला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. डोंगरातली स्नोमोबाइल ही ट्रेलवरच्या गाडीपेक्षा वेगळी असते. पट्टा लांब, १५४ इंचापासून १७५ इंचापर्यंत, आणि पट्ट्यावरचे दात अडीच-तीन इंच उंच, म्हणजे खोल भुसभुशीत बर्फात गाडी बुडण्याऐवजी तरंगत वर चढावी. पुढची बाजू अरुंद, कारण उतारावर गाडी एका स्कीवर तिरपी धरून आडवं जायचं असतं. शॉक चार. दोन पुढे स्कींना, एक पट्ट्याच्या आत पुढच्या बाजूला आणि एक आत मागे. आणि या चौघांचं एकमेकांशी नातं असं आहे की एकाला हात लावला की दुसरा बिघडतो, हे आम्हाला पुस्तकातून नाही कळलं, गिऱ्हाइकं परत आली तेव्हा कळलं. बोंबार्डिए यांची पहिली स्की-डू स्नोमोबाइल १९५९ ला आली तेव्हा पट्ट्याच्या आत फक्त स्प्रिंगवर बसवलेली चाकं होती. तिथपासून आत्ताच्या गॅसवाल्या, क्लिकर (शॉकवरची छोटी कळ) फिरवून सेट करायच्या शॉकपर्यंतचा प्रवास मोठा आहे, पण बर्फ मात्र तोच आहे आणि माणसाचं वजनही तेवढंच आहे.

तर काटा. पहिल्या वर्षी एक गृहस्थ आले, चांगले उंच, धिप्पाड. तक्रार अशी की चढाला ॲक्सिलरेटर दिला की गाडीचं नाक वर जातं, स्की हवेत, मागचा भाग खाली बसतो आणि पट्टा स्वतःसाठी खड्डा खणत बसतो, म्हणजे चढ अर्धा झाला की संपलं. त्यांनी आधीच दुसरीकडून चारही शॉक बदलून घेतले होते, महागातले, आणि तरी तेच. आम्हाला म्हणाले आता याच्याही वरचे द्या. माझी खरंतर ऑर्डर लिहायची तयारी झाली होती, धंदा नवीन होता आणि पैशाची गरज होती, पण धाकटा म्हणाला थांब, आधी गाडीवर बसवून बघू. मागचा बंपर वर उचलून पूर्ण ताणला, उंची मोजली, मग त्यांना सगळ्या सामानासकट बसवलं आणि परत मोजली. मागचा भाग जवळजवळ सगळाच खाली बसला होता, म्हणजे बाहेर निघायच्या आधीच निम्म्याहून जास्त सस्पेन्शन संपलेलं. शॉक उत्तम होते, त्यांच्यात काही खोट नव्हती. पण आतली स्प्रिंग त्यांच्यापेक्षा बऱ्याच हलक्या माणसासाठी होती. मागची स्प्रिंग एक पायरी जड लावली, आत पुढच्या बाजूला सस्पेन्शन किती ताणलं जाईल ते अडवणारी जी पट्टी असते, लिमिटर स्ट्रॅप, तो एक भोक आत घेतला म्हणजे स्कीवर थोडं वजन आलं आणि चढाला नाक उठायचं कमी झालं. बस. नवीन शॉक एकही विकला नाही. दुसऱ्या आठवड्यात ते आले ते आणखी तिघांना घेऊन आले. त्याच दिवशी मी काटा आणला.

प्रीलोड, म्हणजे स्प्रिंग आधीच दाबून ठेवणं, आणि स्प्रिंगचा कडकपणा यात लोकांचा जो गोंधळ होतो तो मला अजून रोज दिसतो, म्हणून इथं जरा थांबतो. शॉकवरची रिंग फिरवून स्प्रिंग दाबली की लोक म्हणतात स्प्रिंग कडक केली. नाही, स्प्रिंग तीच आहे. समजा स्प्रिंग अशी आहे की एक इंच दाबायला १०० पाउंड लागतात. तुम्ही ती रिंगनं आधीच एक इंच दाबून ठेवली तर आता पहिले १०० पाउंड पडेपर्यंत ती हलणार नाही, पण त्यानंतर प्रत्येक इंचाला परत १००च लागणार, १५० नाही. म्हणजे गाडी उभी असताना उंच दिसते, छान वाटतं, पण मोठ्या उडीला ती पूर्वीसारखीच खाली आपटते, शिवाय छोट्या खडबडीला आता हलतच नाही आणि हात भरून येतात. जिथं रिंग खूप आत घ्यावी लागते तिथं स्प्रिंगच बदलायची वेळ आलेली असते. हे एकदा पटलं की माणूस पुढच्या वेळी स्वतःच विचारतो माझ्या वजनाला कुठली स्प्रिंग.

दुसरं वर्ष आमच्यासाठी कठीण गेलं आणि ती चूक पूर्ण आमची होती. डोंगरातल्या लोकांना गाडी हलकी हवी असते, कारण अडकली की ती हातानं ओढून काढायची असते, म्हणून फॉक्स फ्लोटसारखे हवेवर चालणारे शॉक खूप जण बसवतात, त्यात लोखंडी स्प्रिंगच नसते. आम्ही ते आणलेल्या गाड्या सर्व्हिस करून गॅरेजमध्येच हवा भरून द्यायचो. आत हीटर, साधारण २० डिग्री. बाहेर डोंगरावर सकाळी उणे २०. तेव्हा एकाच आठवड्यात तिघांची तक्रार, गाडी खाली आपटते. आम्ही सील तपासले, गळती नाही. शेवटी धाकट्यानं एक शॉक रात्रभर बाहेर ठेवून सकाळी गेज लावला तेव्हा कळलं. गरम खोलीत ७० पीएसआय भरलेला शॉक उणे २० ला साधारण ५८ वर येतो. गणित साधं आहे, हवा थंड झाली की दाब उतरतो, पण ते आमच्या डोक्यात बसलं तीन गिऱ्हाइकांची वीकेंड खराब झाल्यावर. त्यात उंचीची वेगळी गंमत, समुद्रसपाटीला भरलेलं ३००० मीटरवर मोजलं तर तापमान तेच धरून गेज चार-पाच पीएसआय जास्त दाखवतो कारण बाहेरच्या हवेचाच दाब कमी असतो. म्हणून आता आम्ही आकडा लिहून देतो तो "गाडी जिथं चालवणार तिथं, गाडी थंड असताना" असा, आणि सोबत पंप कसा लावायचा ते दाखवतो. पंप लावल्या लावल्या गेजवर कमी दिसतं कारण शॉकमधली थोडी हवा पंपाच्या नळीत जाते, आणि काढताना जो फुस्स आवाज येतो तो नळीतल्या हवेचा असतो, शॉकमधून काही गेलेलं नसतं. हे न सांगितल्यामुळे किती जण रोज मोजून मोजून गोंधळून गेले असतील.

मग हवावाले चांगले की स्प्रिंगवाले, हा प्रश्न रोजचा. माझं मत सांगतो. हवावाला हलका, वजनाप्रमाणे दोन मिनिटांत बदलता येतो, आणि जसा दाबत जाल तसा शेवटाला झपाट्यानं कडक होत जातो. पण थंडीनं बदलतो आणि त्याच्या सीलवर सगळं अवलंबून. स्प्रिंगवाला जड, पण त्याची स्प्रिंग पहाटे आणि दुपारी सारखीच. टायटॅनियमची स्प्रिंग घेतली तर वजन बरंच उतरतं, टायटॅनियम स्टीलच्या साठ टक्क्यांच्याही आत भरतं आणि वेटोळेही कमी लागतात, फक्त महाग. खूप आत, एकट्यादुकट्यानं, लांब जाणाऱ्याला मी मागे तरी स्प्रिंगच घे म्हणतो. पुढे स्कींना हवावाले चालतील.

तसं म्हणायला मला कारण आहे. तिसऱ्या सीझनला आम्ही सर्व्हिस केलेला एक मागचा शॉक डोंगरात आतवर गेल्यावर बसला, सगळी हवा गेली. माणूस अनुभवी होता, सोबत दोघं होते, हळूहळू बाहेर आले, कोणाला काही झालं नाही. पण परतायला अंधार पडला, आणि ज्या उतारांखालून ते दिवसा उजेडी बघून गेले होते त्याच खालून रात्री परत यावं लागलं. हिमस्खलनाच्या भागात याचा अर्थ काय होतो हे आम्हाला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. शॉक परत उघडला तर सीलवर बसवताना पडलेला एक बारीक ओरखडा. गरम खोलीत तो सील घट्ट बसला होता, थंडीत रबर कडक होऊन आखडला आणि तिथून हवा निघाली. त्या रात्री आम्ही दोघं बराच वेळ काही बोललो नाही. दुसऱ्या दिवसापासून नियम केला तो आजपर्यंत मोडलेला नाही, गॅरेजच्या मागे एक कट्टा आहे, सर्व्हिस झालेला प्रत्येक शॉक एक रात्र तिथं उघड्यावर थंडीत राहतो, सकाळी दाब मोजायचा, शॉकची दांडी पुसून बघायची, हातानं दाबून बघायचा, आणि मगच गाडीला लावायचा. घाईचं गिऱ्हाईक असलं तरी. यामुळे काही कामं आमच्याकडून गेलीसुद्धा.

नंतर जरा बरे दिवस आले तेव्हा शॉक डायनो घेतला, म्हणजे शॉक ठरलेल्या वेगानं दाबून सोडून किती जोर लागतो त्याचा आलेख काढणारं मशीन. त्याआधी आम्ही हातानं आणि अंदाजानं करायचो, पिस्टनवरच्या पातळ चकत्या, शिम, एक काढ एक घाल, गाडीला लाव, चालवून बघ. आता आलेखावर दिसतं की रिबाउंड, म्हणजे दबलेल्या शॉकचं परत वर येणं, इतका हळू आहे की एकामागून एक खड्डे आले तर शॉकला परत वर यायला वेळच मिळत नाही आणि तो दबत दबत खालीच राहतो, रायडरला वाटतं सस्पेन्शन कडक आहे आणि तो आणखी चुकीच्या बाजूला क्लिकर फिरवतो. पहाटेचं ऑइल थंडीनं घट्ट असतं म्हणून पहिली दहा-पंधरा मिनिटं कुठलाही शॉक कडकच वाटणार, तेव्हा क्लिकरला हात लावू नका, जरा चालवून गरम होऊ द्या. आणि नायट्रोजन का भरतात तर तो गरम झाला की फुगत नाही म्हणून, असं खूप ऐकतो, ते बरोबर नाही, तोही हवेइतकाच फुगतो. तो कोरडा असतो, त्यात ओलावा नसतो, ऑइल आणि धातू दोन्ही टिकतात. आणि ऑइलवर कायम दाब राहिल्यामुळे फेस होत नाही, फेस झाला की शॉक दमला.

गाड्याही बदलत गेल्या. २०१३ च्या स्की-डूच्या समिट गाडीला टी-मोशन आलं, आतला मागचा आर्म असा जोडलेला की पट्टा थोडा कुशीवर वळतो आणि गाडी तिरपी करणं सोपं जातं. मग २०१९ ला आर्क्टिक कॅटनं अल्फा काढली, पट्टा ज्यावरून सरकतो ती रेल दोनऐवजी एकच. प्रत्येक वेळी आम्हाला आमची वही नव्यानं लिहावी लागली, कारण गाडी सहज तिरपी होऊ लागली की पुढच्या स्कीचे शॉक जुन्या सेटिंगला जास्त कडक वाटायला लागतात. आता आम्ही पाच जण आहोत. डायनोवर एक मुलगी आहे, ती शिकायला म्हणून आली होती, आणि आज शिम लावण्यात माझा हात तिच्याइतका बारीक नाही. नवीन कोणी आलं की ती त्याला पहिला महिनाभर फक्त वजन करणं आणि बसल्यावर गाडी किती दबते ते मोजणं एवढंच करायला लावते.

एक विनंती मात्र सगळ्यांना, शॉक सीझन संपल्यावर आणा, पहिला बर्फ पडल्यावर नाही. ओलावा उन्हाळाभर आत राहतो आणि दांडीवर गंजाचे टिपके पडतात, मग नुसता सील बदलून भागत नाही, दांडीच बदलावी लागते.

प्रत्येक गिऱ्हाइकाचं आमच्याकडे एक कार्ड असतं, वजन, सामान, गाडी, स्प्रिंग, स्ट्रॅपचं भोक, क्लिकर. गेल्या आठवड्यात ते पहिले धिप्पाड गृहस्थ आले होते. इतक्या वर्षांनी परत काट्यावर उभं केलं तर कार्डापेक्षा अकरा किलो कमी, आणि बॅगही आता हलकी, म्हणाले वय झालं, आता लांब जात नाही, मुलाबरोबर जवळच फिरतो. मागची स्प्रिंग परत एक पायरी हलकी लावली, स्ट्रॅप पूर्वीच्या भोकावर सोडला. त्यांचे चारही शॉक आज रात्री मागच्या कट्ट्यावर आहेत, सकाळी दाब बघतो आणि गाडीला चढवतो.